कोरडी खोली

भोये सरांच्या खोलीत बोलायला बंदी होती. तशी पाटी वगैरे काही नव्हती. तुम्ही आत पाऊल टाकून तोंड उघडलंत की ते ओठांवर बोट ठेवायचे आणि दाराकडे हात करायचे. मग व्हरांड्यात येऊन हळू आवाजात समजूत घालायचे, "रागावू नका मराठीवाले. तुमच्या श्वासात पाणी आहे."

जव्हारच्या आमच्या कॉलेजात मी मराठी शिकवायला नुकताच लागलो होतो. माझ्या व्याख्यानांत पाणी असतं असं विद्यार्थ्यांनी एक-दोनदा सुचवलं होतं, पण श्वासापर्यंत अजून कुणी गेलं नव्हतं. मी मोठ्याने हसलो. भोये सर हसले नाहीत. त्या गृहस्थांना एवढ्या एका विषयावर हसता यायचंच नाही, हे मला पुढे कळलं.

ते रसायनशास्त्राचे. मोखाड्याकडच्या पोशेऱ्याचे. घरची भाताची आणि नागलीची शेती, आणि सगळ्या घरात कॉलेज पाहिलेला हा पहिलाच माणूस. किडकिडीत, काळसावळे, शर्टाची बाही मनगटापर्यंत बंद. मिशी नव्हती. आमच्याकडे त्या पिढीत बिनमिशीचा प्राध्यापक दुर्मीळच, म्हणून मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "घाम राहतो तिच्यात." प्रयोगशाळेच्या मागे पूर्वी मोडकी बाकं टाकत ती अडगळीची खोली त्यांनी मागून घेतली होती, आणि मुंबईच्या एका प्राध्यापकांच्या हाताखाली नाव नोंदवून तिथे पीएच.डी.चं काम चालवलं होतं.

ते काम काय, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि ते मला कळलं. याचं श्रेय अर्थातच त्यांचं.

"टायटॅनियम आणि क्लोरीन मिळून एक ऋणायन होतो, ऋण भाराचा कण," ते म्हणाले. "अंगाने थोराड, पण नाजूक. त्याच्या शेजारी सोडियमसारखा लहानखुरा धनायन बसवला तर तो त्याला ओढत राहतो, टिकू देत नाही. आता सांगा, पोशेऱ्याहून जीपने अंडी आणायची तर डब्यात काय घालाल? खडे?"

"तूस घालीन. भाताचं."

"तेच. माझा धनायन म्हणजे तूस. मधे एक फॉस्फरस, भोवती बेंझिनची चार कडी. मोठा, मऊ, कुणाला न ओढणारा. त्याच्यात तो नाजूक माणूस बसवला की त्यांचं मीठ होतं. पिवळे स्फटिक. सुंदर दिसतात."

"मग अडतं कुठे?"

"तूस धक्का झेलतं. पाणी नाही झेलत. हवेतला ओलावा पोचला की स्फटिक पांढरा पडतो आणि आम्लाचा धूर सोडतो. संपलं."

ज्या गावात जून ते सप्टेंबर काडेपेटी पेटत नाही, खडू फळ्यावर उमटत नाही आणि कपाटातल्या चपलांना बुरशी येते, त्या गावात हा माणूस पाणी चालत नाही असं मीठ करायला बसला होता. मी विचारलं, "मग हे काम जव्हारला कशाला?" ते म्हणाले, "मी जव्हारला आहे म्हणून."

खोलीच्या खिडकीत एक बशी असे, तिच्यात मूठभर खडे मीठ. सकाळी कॉलेजात आले की आधी त्या बशीकडे बघायचे. मीठ खडखडीत असेल तर काम. मिठाला पाझर सुटला असेल तर कुलूप. मग भिंतीला हाताची पालथी बाजू लावून क्षणभर थांबायचे. काचेच्या जाड झाकणाच्या एका भांड्यात, डेसिकेटरमध्ये, ते आपल्या कुप्या ठेवत. त्याच्या तळाशी सिलिकाचे दाणे. कोरडे असले की निळे, ओल शोषली की गुलाबी. "निळं आहे" हे त्यांचं सगळं बरं चाललंय असं सांगायचं वाक्य होतं. घरी मूल आजारी असतानाही कुणी विचारलं तर ते आधी "निळं आहे" म्हणायचे आणि मग मुलाचं सांगायचे. पावसाचे चार महिने मात्र ते सुतकात असल्यासारखे वावरत. शिकवत, उत्तरपत्रिका तपासत, पण लक्ष खिडकीबाहेर.

एकदा त्यांच्याबरोबर पोशेऱ्याला गेलो. त्यांच्या आईने नागलीची भाकरी आणि उडदाचं बेसन वाढलं. चुलीवरच्या माळ्यावर शेणाने लिंपलेली एक लहानशी कणगी होती. सर म्हणाले, "माझं पहिलं डेसिकेटर. बियाणं राखेत घोळून आत ठेवायचं, तोंड लिंपून टाकायचं, खालून धूर लागत राहतो." मग म्हणाले, "मी चौथीत होतो तेव्हा छप्पर गळलं. नेमकं तिच्यावर. आईने तोंड फोडलं तर आत सगळ्याला मोड आलेले."

"मग?"

"मग काही नाही. त्या वर्षी पेरायला आमच्याकडे काही नव्हतं. दिवाळीनंतर सगळे भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलो. बहीण तिथेच वारली." आईने चुलीत फुंकर घातली आणि आमच्याकडे पाठ केली.

आता मला त्या खोलीबद्दल सांगायला हवं.

असं काम करायचं तर धूर ओढून बाहेर टाकणारं कपाट लागतं. आमच्या कॉलेजात ते नव्हतं. मग निदान खिडक्या उघड्या हव्यात. पण खिडक्या उघडल्या की ओली हवा आत येणार. भोये सरांनी खिडक्या बंद केल्या. फटींत कापूस कोंबला आणि वरून मेण ओतलं. टायटॅनियमचं ते क्लोराइड बाटलीतून काढताना जो पांढरा धूर निघे तो त्यांच्याबरोबर आतच राहायचा.

खोलीतलं लोखंड मरायला लागलं. मला हे पहिल्यांदा दिसलं ते कुलपामुळे. नवं कुलूप तीन महिन्यांत फिरेनासं झालं. मग कात्री गंजली. मग घड्याळ थांबलं, त्याचे काटे कुरतडल्यासारखे झाले होते. कॅलेंडरचा खिळा तुटून कॅलेंडर खाली आलं. पितळेची समई कुणीतरी तिथे ठेवली होती ती हिरवी पडली. एके दिवशी खिडकीखाली एक पाल मरून पडलेली होती, वाळून चिपाड झालेली. सर तिच्याकडे बघून व्हरांड्यात येऊन म्हणाले, "बघा, किती कोरडी आहे खोली." त्यांना खरंच आनंद झाला होता.

जानकीबाई प्रयोगशाळेत झाडलोट करायच्या, काचसामान धुवायच्या. दाभोशाच्या. नवरा गेल्यावर कामाला लागलेल्या, पन्नाशीच्या. सरांवर त्यांचा फार जीव. रोज त्या मला म्हणायच्या, "तुमी सांगा सरांना. यी खोली मानसाला खानारी हाय. लोखंड खाल्लं, आता दात खाते."

दातांचं खरं होतं. भोये सरांचे पुढचे दात कडांना झिजून पातळ झाले होते. गार पाणी तोंडात धरवत नसे. नाशिकला दातांच्या डॉक्टरकडे गेले तर त्याने विचारलं, "बॅटरीच्या कारखान्यात आहात का?" हे आम्हाला सांगताना सर हसले, आणि हसता हसता खोकला आला तो बराच वेळ थांबला नाही. प्राचार्यांनी बोलावून बजावलं की खिडक्या उघडा, नाहीतर खोली काढून घेईन. सर म्हणाले, "साहेब, खिडकी उघडली तर मी टिकेन, पण ते टिकणार नाही." प्राचार्य भला माणूस. त्याने खोली काढून घेतली नाही, आणि त्या भलेपणाबद्दल तो पुढे स्वतःला बोल लावत राहिला.

घाई कशाची होती तेही सांगतो. प्रबंधात सगळं होतं, पण त्या मिठाची आतली रचना सिद्ध झाली नव्हती. त्यासाठी एक तरी निर्दोष स्फटिक काचेच्या बारीक नळीत घालून, नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करून, मुंबईच्या क्ष-किरण यंत्रापर्यंत न्यायचा होता. तांदळाच्या कणीएवढा पुरला असता. सरांची नोंदणी दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. मार्चअखेर त्यांचे मुंबईचे गुरू निवृत्त होणार होते. म्हणजे त्या वर्षाच्या कोरड्या दिवसांत स्फटिक मिळाला तर मिळाला. नाहीतर आठ वर्षं गेली.

आणि मिळाला. नवरात्रात हवा सुकली, भांड्यांतली ओली हवा हाकलायला नाशिकहून आणलेलं नायट्रोजनचं सिलिंडर अजून शिल्लक होतं, आणि सहाव्या माळेला सरांनी मला खुणेने आत बोलावलं. मी श्वास रोखून गेलो. बूच लावलेल्या एका कुपीत द्रावणाच्या तळाशी पिवळ्या सुया उभ्या होत्या, बोटाच्या पेराएवढ्या, लख्ख. सर माझ्याकडे बघत होते. व्हरांड्यात आल्यावर म्हणाले, "अजून चार दिवस वाढू देतो. दसऱ्याला नळीत भरतो, दुसऱ्या दिवशी मुंबई." मी त्यांचा हात हातात घेतला. तो कोरडा आणि खरखरीत होता.

पण अष्टमीला पोशेऱ्याहून निरोप आला की आई पडली. सर गेले. जाताना जानकीबाईंकडे खोलीची किल्ली दिली. सिलिका गुलाबी झाली तर भट्टीत तापवून निळी करून घालायची, एवढंच काम. "त्या कुपीला जपा," ते म्हणाले, "माझा देवच आहे तो."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी कॉलेजात सगळ्या हत्यारांची पूजा होते. ऑफिसचा टाइपरायटर, ग्रंथालयातलं शिवायचं यंत्र, प्रयोगशाळेतला तराजू, शिपायाची सायकल, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. प्रयोगशाळेत मधलं टेबल स्वच्छ करून जानकीबाईंनी मांडणी केली होती. आम्ही आठ-दहा जण जमलो. पेढ्यांचा बॉक्स माझ्यासमोरच होता आणि माझं बरंचसं लक्ष त्यात होतं, हे कबूल केलेलं बरं. टेबलाच्या मधोमध, नव्या खणावर, तांदळाच्या राशीवर भोये सरांची कुपी ठेवली होती.

मी म्हटलं, "जानकीबाई, ही कशाला काढलीत?"

"सगळ्यांची पूजा व्हायची नं सरांच्या देवाची नाय? कसं दिसलं ते? त्या खोलीत आधीच काय बरं नाय." त्यांनी हात धुऊन, कोऱ्या फडक्यात धरून ती आणली होती. कुठे बोट लागू दिलं नव्हतं. मग त्यांनी हळदीत बोट बुडवलं आणि बुचाला हात घातला.

"उघडता कशाला?"

"आमच्यात बंद कनगीला हळद लावीत नाय. तोंड उघडायचं, देवाला दानं दाखवायचं, मंग लिपायचं. नायतर घरात पुरत नाय."

मला माहीत होतं. त्या खोलीत एक श्वास सोडायला बंदी होती आणि ती का होती ते मला अंडी आणि तूस घालून समजावलेलं होतं. एक शब्द पुरला असता. पण बाईंच्या चेहऱ्यावर जे होतं ते सगळ्यांदेखत मोडायला मला धीर झाला नाही, आणि क्षणभर उघडल्याने काय होतंय असंही मनात आलं. बूच निघालं, कुपीला हळद लागली. जानकीबाईंनी आंब्याच्या पानाने तांब्यातलं पाणी सगळ्यांवर शिंपडलं. कुपीच्या तोंडातून पांढराशुभ्र धूर निघाला आणि सरळ वर चढला.

कुणीतरी "जय अंबे" म्हणालं. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले.

आरती झाली, धूर चालूच. घशात काहीतरी बोचायला लागलं आणि लोक खोकत बाहेर पडले, तेव्हा जानकीबाईंनी बूच लावलं. तोवर सुयांवर साय धरली होती.

सर दसऱ्याच्या दुपारी आले. कुपीवरची हळद त्यांनी पाहिली, आतलं पाहिलं. जानकीबाई दारात उभ्या होत्या, त्यांना तोवर कळून चुकलं होतं. त्या नुसत्या कपाळावर हात मारत राहिल्या. सर म्हणाले, "रडू नका बाई. डोळ्यांत पाणी घेऊन इथे थांबू नका." मला त्यांनी विचारलं नाही की तुम्ही तिथे होता का. मीही सांगितलं नाही. पाच महिने सांगितलं नाही.

पुन्हा सुरुवात केली. द्रावकांतला ओलावा पुन्हा काढला, काचसामान पुन्हा भाजलं. दोन वेळा स्फटिक आले ते बारीक, भुग्यासारखे. डिसेंबरात नायट्रोजन संपला. नवं सिलिंडर येईना. जानेवारीत आभाळ आलं, दोन दिवस भुरभुर पाऊस पडला आणि भर थंडीत खिडकीतल्या बशीतल्या मिठाला पाझर सुटला. त्या सकाळी मी त्यांच्या मागेच उभा होतो. नियमाप्रमाणे कुलूप लागायला हवं होतं. सर बशीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती उचलून व्हरांड्याच्या कठड्यापलीकडे रिकामी केली.

"जानकीबाई," ते म्हणाले, "शेगडी आणा. निखारे भरून."

"सर, नको," जानकीबाई म्हणाल्या. "बंद खोलीत शेगडी ठेवीत नाय."

"हवा सुकेल. एवढंच करतो."

या वेळी मी बोललो. म्हटलं, "भोये, हे राहू द्या. पदवी नाही मिळाली तर काय होतंय? नोकरी आहे, मुलं आहेत." ते शांतपणे म्हणाले, "मराठीवाले, तुमच्याकडे पाऊस चुकला तर तुम्ही पुढच्या वर्षी पेरता. आमच्याकडे बियाणंच जातं." आणि त्यांनी शेगडी आत घेतली.

तीन दिवस ती आत धगधगत होती. दार उघडलं की गरम, आंबट हवा अंगावर यायची. द्रावकाची वाफ निखाऱ्यांवर गेली की तिचा निराळाच विषारी वायू होतो, तो त्या वेळी फारसा जाणवत नाही आणि दुसऱ्या दिवशी छाती भरून आणतो, हे मला नंतर नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं. भोये सरांना हे ठाऊक नव्हतं असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. ते रसायनशास्त्राचे होते.

तिसऱ्या दुपारी ते बाहेर आले. डोळे लाल, ओठ निळसर. हातात दोन बारीक नळ्या, तोंडं वितळवून बंद केलेली, प्रत्येकीत दोन-चार पिवळ्या सुया. त्यांनी त्या उन्हात धरल्या. बोलायला गेले तर आवाजच फुटला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना जीपमध्ये घालून आम्ही नाशिकला नेलं.

एक नळी मी मुंबईला पोचवली. उत्तर यायला मार्च उजाडला. प्रबंध पुरा करून देणं सरांना आता शक्य नव्हतं, आणि महिनाअखेर गुरुजी निवृत्त झाले. भोये सर त्याच पावसाळ्यात, जुलैत, पोशेऱ्याच्या घरी वारले. पण मला ते आठवतात ते मार्चमधल्या त्या भेटीतले.

मी मुंबईहून आलेला कागद घेऊन पोशेऱ्याला गेलो होतो. ते खाटेवर, भिंतीला टेकून बसले होते. दर श्वासाला आवाज येत होता. कागदावर गोळ्या आणि काड्यांचं चित्र होतं: चार-चार कड्यांचे मोठे धनायन, आणि त्यांच्या मधल्या पोकळीत तो नाजूक ऋणायन, जसाच्या तसा. सरांनी बराच वेळ बघितलं. मग बोट ठेवून कुजबुजले, "तूस."

माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, नवमीला मी तिथे होतो. मला माहीत होतं. मी काही बोललो नाही. मी हात जोडले."

त्यांनी कागद खाली ठेवला. मग विचारलं, "धूर किती वेळ होता?"

"आरती संपेपर्यंत."

"म्हणजे द्रावणात बरंच शिल्लक होतं," ते म्हणाले. दोन श्वास घेतले. "माप बरोबर होतं. नवमीचे स्फटिक याच्याहून मोठे झाले असते."

रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात भोयेवहिनी पातेलं घेऊन आल्या. उकळतं पाणी. डॉक्टरांनी सांगितलं होतं की यांच्या छातीला कोरडी हवा चालायची नाही, दिवसातून चार वेळा वाफ द्या, खोली ओलसर ठेवा. भिंतींवर ओल्या चादरी टांगलेल्या होत्या. वहिनींनी पातेलं खाटेसमोर ठेवलं, सरांना पुढे वाकवलं आणि डोक्यावरून घोंगडी घातली. घोंगडीखालून वाफ आणि तो घरघरणारा श्वास बाहेर येत राहिला. म्हातारी आई चुलीपाशी बसून होती.

मग घोंगडीच्या कडेतून सरांचा उजवा हात बाहेर आला. मुठीत दुसरी नळी होती. तिचं तोंड काच वितळवून बंद केलेलं, वाफेने तिला काही होण्यासारखं नव्हतं, आणि हे त्या घरात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी तो हात लांब होत गेला, वाफेपासून जमेल तेवढा दूर, आणि तसाच धरलेला राहिला. मी पुढे होऊन ती नळी घेतली, तेव्हा कुठे तो खाली आला.